तापीच्या दोन्ही काठांची वानरे : प्रस्तावना

भारतातील माकडांच्या नकाशावर तापी नदी ही एक सीमा आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून, खानदेश ओलांडून, ७२४ किलोमीटरच्या प्रवासानंतर ती सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि दक्षिणेला सह्याद्री सुरू होतो. उत्तरेच्या बाजूचे माकड म्हणजे आखूड शेपटीचे, तांबूस पार्श्वभागाचे ऱ्हीसस. दक्षिणेच्या बाजूचे म्हणजे लांब शेपटीचे आणि डोक्यावर टोपीसारखा पसरलेला केसांचा भोवरा असलेले बॉनेट माकड. काळ्या तोंडाचे वानर दोन्ही बाजूंना आहे, पण त्याच्या शेपटीची वळण्याची दिशा बदलते. उत्तरेकडचे वानर चालताना शेपूट पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वाकवते. दक्षिणेकडचे तिला मागच्या बाजूला कमान देऊन शरीरापासून दूर धरते. लांबून, रंग आणि चेहरा स्पष्ट दिसत नसतानाही ही खूण ओळखता येते.

शेपटीतला हा फरक प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रुणवाल यांनी सविस्तर नोंदवला. वानरांच्या या दोन प्रकारांमधली सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरी यांच्या रेषेने जाते, असे त्यातून दिसले. १७९७ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले, तेव्हापासून दीर्घकाळ हिमालयापासून श्रीलंकेपर्यंतची सगळी वानरे एकाच जातीत धरली जात. पुढे शेपूट, रंग, शरीराची मापे आणि अलीकडे आनुवंशिक पुरावा यांच्या आधारे त्यांच्या अनेक जाती करण्यात आल्या. उत्तरेच्या मैदानी वानराकडे ‘सेम्नोपिथेकस एन्टेलस’ हे जुने नाव राहिले. नदीच्या अलीकडे-पलीकडे दिसणारा शेपटीचा फरक हा फार जुन्या फारकतीचा बाहेरून दिसणारा पुरावा आहे.

सुरत शहर सखल भूमीवर, नदीच्या मुखाशी वसलेले आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या यंत्रमागांच्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची गावी जाण्याची वाट सुरत-भुसावळ रेल्वेने व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर, नंदुरबार अशी जाते. नवापूरच्या स्थानकाची तर अर्धी बाजू गुजरातेत आणि अर्धी महाराष्ट्रात आहे. व्यारा सोडल्यावर गाडीच्या दोन्ही बाजूंना दिसू लागणारे डोंगर हे या विषयाचे खरे क्षेत्र. दक्षिणेला हाच मुलूख डांग जिल्ह्यात शिरतो, सापुताऱ्याला सुमारे हजार मीटरची उंची गाठतो आणि सुरगाण्याकडून नाशिक जिल्ह्यात उतरतो. सह्याद्रीचे हे उत्तर टोक. पूर्णा, अंबिका, गिरा, खापरी या नद्या त्यातून पश्चिमेला वाहतात.

डांगचे जंगल पानगळीचे आहे. साग, ऐन, हेदू, कळंब, तिवस, शिसम, खैर, बेहडा, मोह, पळस आणि बांबू ही त्याची मुख्य झाडे. ओढ्यांच्या काठाने उंबर आणि करंज. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अनेक ठिकाणांच्या पावसाजवळ जाणारा आहे, तरीही डांगचे जंगल ॲमेझॉनसारखे नाही. कारण तिथे पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. इथे तो जूनपासून चार महिन्यांत येऊन जातो. उरलेल्या आठ महिन्यांत माती सुकत जाते, झाडे पाने टाकतात आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगर उघडे पडतात. ॲमेझॉन आणि डांग या दोन्हीकडच्या माकडांमध्ये जो फरक आहे, त्याच्या मुळाशी पावसाच्या प्रमाणापेक्षा पावसाचे वेळापत्रक अधिक आहे.

वर्षभर ओल्या राहणाऱ्या जंगलाने कसे माकड घडवले, हे पाहायचे तर अमेरिका खंडातील कोळीमाकडाकडे जावे लागते. स्पायडर मंकी या नावाने ते जगभर ओळखले जाते. मेक्सिकोपासून बोलिव्हिया आणि ब्राझीलपर्यंत त्याच्या सात जाती मानल्या जातात. वजन साधारण सहा ते दहा किलो, हातपाय शरीराच्या मानाने फार लांब आणि बारीक, आणि शेपूट धडापेक्षाही लांब. या शेपटीच्या टोकाकडच्या भागात आतल्या बाजूला केस नसतात. तिथली कातडी तळहातासारखी रेषांनी भरलेली आणि स्पर्शाला संवेदनशील असते. त्या भागाने फांदी घट्ट पकडता येते, संपूर्ण शरीराचा भार एकट्या शेपटीवर टाकून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात आणि बारीक डहाळीच्या टोकाचे फळ तोडता येते. हाताला अंगठा जवळजवळ नाहीच. उरलेली चार लांब बोटे फांदीवर आकड्यासारखी अडकतात. अंगठा मध्ये आला असता तर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झुलत जाण्याचा वेग कमी झाला असता.

कोळीमाकडाचा आहार मुख्यतः पिकलेली फळे. पिकलेले फळ पौष्टिक असते, पण ते जंगलभर सारखे मिळत नाही. एखादे झाड चार दिवस लगडलेले असते, पुढचे पिकलेले झाड बरेच दूर असते. त्यामुळे वीस-तीस माकडांच्या समूहाला दिवसभर एकत्र फिरणे परवडत नाही. समूह सकाळी लहान लहान तुकड्यांत विखुरतो, मोठे झाड सापडले की तुकड्या जमतात, पुन्हा फुटतात. त्यांच्या दूरवर पोहोचणाऱ्या हाका या विखुरलेल्या समूहाला सांधून ठेवतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन बाळंतपणांत अडीच ते चार वर्षांचे अंतर पडते. वयात आलेल्या माद्या जन्माचा समूह सोडून दुसरीकडे जातात. नर मात्र तिथेच राहतात. फळाबरोबर गिळलेल्या बिया कोळीमाकड मूळ झाडापासून दूर विष्ठेतून टाकते. मोठ्या बियांच्या अनेक झाडांचा प्रसार त्याच्यावर अवलंबून आहे, आणि म्हणून शिकारीने ते नाहीसे झालेल्या जंगलात कालांतराने झाडांची रचनाही बदलते. त्याच्या वर्तनाचा पहिला मोठा क्षेत्रीय अभ्यास क्लॅरन्स रे कार्पेंटर यांनी पनामात केला आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. आज या माकडाच्या सातही जाती कमीअधिक प्रमाणात धोक्यात आहेत.

आता डांगच्या वानराकडे. त्यालाही लांब हातपाय आहेत, धडापेक्षा लांब शेपूट आहे, आणि त्याचाही अंगठा आखूड आहे. इतकी साम्ये असूनही दोन्ही प्राण्यांच्या घराण्यांची फारकत चार कोटी वर्षांच्या आसपास मागे जाते. वानराची शेपूट काहीही पकडू शकत नाही. आफ्रिका-आशियातील कोणत्याही माकडाला ते साधलेले नाही. उडी घेताना मात्र ती उपयोगी पडते. मागच्या पायांच्या रेट्याने वानर चार-पाच मीटरचे अंतर हवेत कापते, शेपूट मागे सरळ ताणली जाते, अंग वळवताना ती उलट दिशेला फिरून तोल सांभाळते, आणि उतरताना हात पुढे येऊन जाड फांदी आधी धरतात. कोळीमाकड डहाळ्यांच्या टोकांशी लोंबकळते, तर वानराला खाली बसायला फांदी हवी असते. त्यासाठी त्याच्या बुडाला घट्टे असतात, जे अमेरिकेच्या माकडांना नसतात. शिवाय वानर जमिनीवर सहज उतरते आणि दिवसाचा मोठा भाग तिथे घालवू शकते. उन्हाळ्यात पाने झडल्यावर झाडावर सावलीही नसते आणि पुरेसे अन्नही नसते. अशा जंगलात जमिनीवर चालणे ही गरजच आहे.

वानराचे खरे वैशिष्ट्य मात्र पोटात आहे. त्याच्या जठराचे कप्पे आहेत आणि त्यांतल्या पुढच्या कप्प्यांत जिवाणू राहतात. चावलेला पाला तिथे आंबतो, तंतू फुटतात, पानांतील काही विषारी द्रव्येही निष्प्रभ होतात, आणि मग ते अन्न पुढे सरकते. गाय आणि बकरी यांनी ज्या तऱ्हेने चाऱ्याचा प्रश्न सोडवला, त्याच तऱ्हेने या माकडाने झाडपाल्याचा सोडवला, तोही स्वतंत्रपणे. म्हणूनच सकाळी भरपेट खाऊन झाल्यावर टोळी दुपारी तासन्‌तास शांत बसते. हा आळस नसतो. त्या वेळी पचनाचे काम चालू असते. ज्या कुचल्याच्या फळात स्ट्रिक्निनसारखे जहाल विष असते, ते खातानाही वानरे आढळली आहेत. याउलट गोड, पूर्ण पिकलेले फळ फार खाल्ले तर या जठरातील आंबण्याची क्रिया बिघडते, आम्ल वाढते. त्यामुळे वानर बऱ्याचदा कच्ची फळे, बिया, कळ्या आणि कोवळी पालवी पसंत करते. पर्यटकांनी दिलेला पाव आणि बिस्किटे त्याच्या पोटाला का सोसत नाहीत, याचे उत्तर इथे आहे.

ऋतूंप्रमाणे त्याचे ताट बदलते. पावसाळ्यात आणि त्यानंतर पाला मुबलक. थंडी ओसरताना पळस फुलतो आणि त्याची फुले वानरे पाकळ्यांसह ओरबाडतात. मग मोहाची फुले येतात. एप्रिल-मेमध्ये ओढ्याकाठचा उंबर लगडतो, आणि सगळे डोंगर कोरडे असताना तो एकटा अनेक प्राण्यांना तगवतो. जंगलात उंबर, पिंपळ, वड यांचे महत्त्व इमारती लाकडाच्या हिशोबात कधीच दिसत नाही. पानगळीच्या जंगलाचे मोल ठरवताना हीच झाडे पहिल्यांदा मोजायला हवीत.

वानरांच्या टोळीची घडण कोळीमाकडाच्या उलट आहे. इथे माद्या जन्मभर टोळीत राहतात. आई, मुली, बहिणी, मावश्या यांचा तो गोतावळा असतो. नर वयात आले की बाहेर पडतात आणि नुसत्या नरांच्या टोळ्या करून फिरतात. बहुतेक ठिकाणी माद्यांच्या टोळीत एकच प्रौढ नर असतो, त्याला मराठीत हुप्प्या म्हणतात, आणि त्याचा घुमणारा हूप पहाटे डोंगरापलीकडे ऐकू जातो. बाहेरचा नर हुप्प्याला हाकलून त्याची जागा घेतो, तेव्हा टोळीतली दूधपिती पिल्ले मारली जाण्याचा धोका असतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ हे पाहिले. पुढे साराह हर्डी यांनी अबूच्या वानरांवर केलेल्या अभ्यासातून याचे स्पष्टीकरण मांडले: पिल्लू गेल्यावर आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. त्यांचे ‘द लंगूर्स ऑफ अबू’ हे पुस्तक १९७७ मध्ये आले. त्यावर मोठा वाद झाला; गर्दीने बिघडलेले वर्तन म्हणून ही गोष्ट झटकून टाकणारे अनेक होते. आज मात्र सिंहांपासून अनेक प्राण्यांत असे वर्तन नोंदले गेले आहे आणि या चर्चेत भारतीय वानरांचा वाटा पायाभूत मानला जातो.

या क्रूर बाजूबरोबर दुसरीही बाजू पाहावी. नवजात पिल्लाचा रंग काळपट असतो. काही महिन्यांत तो फिका होतो. या काळात पिल्लू आईजवळ फार वेळ टिकत नाही. दुसरी मादी येते, हात पुढे करते, पिल्लू काढून घेते, चाटते, केस विंचरते, कंटाळली की तिसरीकडे देते. तरुण, अजून न व्यालेल्या माद्या यात सर्वांत उत्साही. आई तेवढ्यात निवांत खाऊन घेते. सगळ्या माकडांत हे असे चालत नाही; बॉनेट किंवा ऱ्हीसस माकडीण आपले पिल्लू इतक्या सहजपणे दुसरीच्या हाती देत नाही.

जंगलात वानर एकटे नसते. झाडावरची टोळी अर्धवट खाल्लेल्या डहाळ्या आणि फळे खाली टाकते, तिथे चितळे येतात. उंचावरून वानराला बिबट्या आधी दिसतो. त्याच्या खोकल्यासारख्या इशाऱ्यावर चितळे माना वर करतात. खाली चितळाला वास आला तर त्याच्या आवाजावर वानरे सावध होतात. डांगमध्ये वाघ राहिलेला नाही, पण बिबट्या आहे, त्यामुळे हा इशारा अजून ऐकू येतो.

या जंगलाचा अलीकडचा इतिहास लाकडाचा आहे. इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाड्याने घेतले, कारण जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेसाठी साग हवा होता. त्या करारापोटी राजांच्या वारसांना मिळणारी रक्कम आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात दिली जाते. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळात, १९१३ मध्ये, बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत ६३ किलोमीटरची अरुंद रेल्वे झाली, तीही लाकडासाठी. सागाला महत्त्व देणाऱ्या व्यवस्थेत इतर झाडे मागे पडतात, आणि एकाच झाडाच्या रोपवनात वानराला बारा महिन्यांचे अन्न मिळत नाही. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि तापीच्या खोऱ्यातील मोठा वनप्रदेश, नवापूरच्या बाजूसह, पाण्याखाली गेला. संरक्षण मिळाले ते तुकड्यांना. वांसदा हे पूर्वीच्या संस्थानिकांचे राखीव जंगल १९७९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले; ते अवघे २४ चौरस किलोमीटरांचे आहे. पूर्णा अभयारण्य १९९० चे, सुमारे १६० चौरस किलोमीटरांचे. गाभा लहान असला की प्राणी गावांत येतात. यात प्राण्यांचा दोष नाही.

माकडांच्या दोन जातींमधली सीमाही आता जागची हलली आहे. १९८१ मध्ये जॅक फूडन, अनिल महाबळ आणि एस. एस. साहा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ऱ्हीसस आणि बॉनेट यांच्यामधली रेषा नव्याने आखली. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, सिंधू राधाकृष्ण, अनिंद्य सिन्हा आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि बॉनेट माकड मागे हटत आहे. ऱ्हीसस अंगाने दणकट, स्वभावाने आक्रमक आणि माणसांच्या वस्तीत रुळणारे. नदी त्याला फार काळ अडवू शकत नाही. ते चांगले पोहते, आणि उगमाकडे तापी तशीही लहान आहे. एका शहरातून उपद्रवी माकडे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याच्या पद्धतीने निसर्गाची रेषा आणखी पुसली जाते. पूर्णा अभयारण्याच्या यादीत आज दोन्ही माकडांची नावे आहेत. १९७८ पर्यंत ऱ्हीसस माकडे प्रयोगशाळांसाठी भारतातून मोठ्या संख्येने परदेशी पाठवली जात. त्या वर्षी निर्यात थांबली. ती थांबली हे योग्यच झाले. फक्त भारतीय द्वीपकल्पापुरते राहणारे बॉनेट माकड मात्र आता जागतिक यादीत धोक्याच्या वर्गात गेले आहे, आणि सर्वत्र दिसणारे माकड कधी कमी होणार नाही, हा समज त्याने खोटा ठरवला आहे.

माणसांशी वानरांचे नाते या भागात भक्तीचे आहे. डांगमध्ये आहव्याजवळ अंजनीकुंड आहे आणि नाशिकजवळ अंजनेरी; दोन्ही ठिकाणी मारुतीचा जन्म तिथला असल्याची श्रद्धा आहे. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात तर ३२ एकर जमीन माकडांच्या नावाने नोंदलेली आहे. हीच भक्ती कोकणातल्या बागायतदाराला पुरत नाही. नारळ, केळी, आंबा, काजू यांचे दरवर्षी नुकसान सोसणाऱ्याला संयमाचा उपदेश करणे सोपे असते, भरपाई देणे अवघड. सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरात २०१६ पासून आढळलेल्या माकडतापाने तर या नात्यात भीतीही आणली. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडलेल्या या रोगाचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. वानर आणि माकड दोघेही त्याने मरतात. जंगलात मेलेली माकडे दिसू लागणे ही माणसांसाठी पहिली सूचना असते, आणि अशा वेळी मृत प्राण्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे असते.

सापुताऱ्याच्या घाटात वानरांना खाऊ देण्याची सवय या सगळ्या तक्रारींची सुरुवात आहे. रस्त्याकडेला मिळणाऱ्या पिठाच्या पदार्थांनी टोळी जंगल सोडून डांबरावर येते, गाड्यांखाली पिल्ले सापडतात, धीट झालेले नर पिशव्या हिसकावू लागतात, आणि शेवटी पिंजरे लावण्याची मागणी होते. घाटात गाडी थांबवून खायला घालू नये, एवढे एकच पथ्य पाळले तरी बराच फरक पडेल.

सुरत, व्यारा, नवापूर, नंदुरबार, सुरगाणा या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा ये-जा करणाऱ्या वाचकांना एक विनंती. वानर दिसले की त्याची शेपूट पुढे वळलेली आहे की मागे, आणि लाल तोंडाचे माकड दिसले की त्याची शेपूट आखूड आहे की धडाइतकी लांब, हे पाहून ठिकाण आणि तारखेसह लिहून ठेवावे, आणि जवळच्या वनकार्यालयाला किंवा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावे. तापीची रेषा आज नेमकी कुठून जाते, हे अशा नोंदींतूनच ठरते.